घरातील वेदी आणि पित्याचा अखत्यार

ख्रिस्ती घरातील बालकाला धर्म कोणी शिकवावा, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता फार जुने आणि निर्विवाद आहे : घरच्या वडिलांनी. परंतु हे उत्तर देणारे धर्मग्रंथ, चर्चने वेळोवेळी काढलेली फर्माने, न्यायालयांचे निवाडे आणि या व्यवस्थेखाली वाढलेल्या मुलांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणी यांचा एकत्र विचार करू लागले, म्हणजे असे दिसून येते, की हे काम पित्याकडे सोपविण्याविषयी जितके एकमत आहे, तितकेच त्याने ते कोणत्या नात्याने करावे याविषयी मतभेद आहेत. त्याने घरातील धर्माधिकारी म्हणून मुलाची जबानी घ्यावी, की ज्या धर्माचा अंमल मुलावर आहे त्याच धर्माच्या अंमलाखाली असलेला एक वडीलधारा उपासक म्हणून त्याच्या शेजारी बसावे, हा वादाचा खरा मुद्दा असून प्रस्तुत आढाव्याचा रोखही तोच आहे.

या परंपरेचे मूळ यहुदी धर्मशास्त्रात आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला जी आज्ञा केली आहे, तिच्यात धर्मशिक्षणासाठी निराळी घटका नेमलेली नाही. घरी आणि वाटेवर, दिवसाच्या आरंभी आणि अखेरीस, ईश्वराच्या वचनांविषयी मुलांशी बोलत राहावे, मात्र ती वचने आधी बोलणाऱ्याच्या अंतःकरणात असावीत, असा तिचा आशय आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस कल्पिलेला प्रसंग याहून अधिक बोलका आहे. मुलगा पुढे केव्हातरी विचारील, की हे सारे विधिनियम कशासाठी. तेव्हा बापाने नियमांची तात्त्विक उपपत्ती न सांगता, आपण मिसर देशात गुलाम होतो आणि ईश्वराने आपल्याला तेथून बाहेर काढले, ही हकीकत त्याला सांगावयाची आहे. प्रश्न विचारण्याचा हक्क मुलाचा, आणि उत्तर देणारा बाप हा सुटका झालेल्या गुलामांपैकी एक, अशी ही मूळची मांडणी आहे.

नव्या करारात इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत बापांना जो उपदेश आहे, तो वाचताना तत्कालीन रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला संततीवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अशा काळात बापांना पहिली ताकीद दिली आहे ती मुलांना चिडीस न आणण्याची. शिस्त आणि शिक्षण यांचा उल्लेख तिच्यामागून येतो, आणि कलस्सैकरांच्या पत्रात तर मुलांचे मन खचू नये, हे कारणही नमूद केले आहे. शिवाय, बायबलात पित्याच्या अपयशाचेही दाखले आहेत. शिलो येथील एली हा स्वतः याजक असून त्याला हफनी व फिनहास या आपल्या पुत्रांना आवरता आले नाही. उलट, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, आणि त्याच्या ठायी असलेला विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून आला, असे पत्रात नावानिशी लिहिलेले आहे. पित्यावाचून धर्म पुढच्या पिढीपर्यंत पोचतच नाही, असे जे कित्येक उत्साही उपदेशक सांगत असतात, त्यांचा सिद्धांत या एका दाखल्यापुढे लंगडा पडतो.

प्रारंभीच्या चर्चमध्ये या विषयाचा सर्वांत सविस्तर विचार चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या धर्मपंडिताने केला. पोकळ वैभवाची हाव आणि मुलांचे संगोपन या विषयांवरील त्याच्या निबंधात उपदेशाचा भाग पुष्कळ असला, तरी त्याची पद्धत आजच्या शिक्षकालाही विचारात घ्यावीशी वाटेल. काइन आणि हाबेल यांची गोष्ट बापाने संध्याकाळी मुलाला सांगावी. काही दिवसांनी तीच गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्यावी. आईनेही ती ऐकत बसावे. आणि मग चर्चमध्ये ज्या दिवशी तो पाठ वाचला जाणार असेल, त्या दिवशी मुलाला हाताला धरून तेथे न्यावे, म्हणजे इतरांना नवी असलेली कथा आपल्याला ठाऊक आहे या आनंदाने त्याचे मन भरून येईल. जलप्रलयाची हकीकत आठ-दहा वर्षांच्या मुलाला सांगण्यास हरकत नाही, नरकाची मात्र पंधरा वर्षांच्या अलीकडे सांगू नये; आणि माराचा धाक असावा, मार असू नये, असे त्याचे मत होते. पित्याच्या कर्तव्याचा हा आद्य भाष्यकार स्वतः मात्र लहानपणीच पितृहीन झालेला, आणि अंथुसा या विधवा मातेने वाढविलेला होता.

पित्याला घरातील धर्माधिकाऱ्याची सनद जर कोणी दिली असेल, तर ती सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने. १५२८ मध्ये सॅक्सनी प्रांतातील खेड्यांतून मंडळ्यांची तपासणी करीत असता मार्टिन लूथरला सामान्य जनांचे, आणि कित्येक पाळकांचेही, जे अज्ञान आढळून आले, त्यामुळे अस्वस्थ होऊन त्याने १५२९ मध्ये आपली लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना अशा तिच्या प्रकरणांच्या शिरोभागी, कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्या मंडळींना सोप्या रीतीने शिकवावे, अशी सूचना आहे. चर्चच्या हाती असलेले धर्मशिक्षण चुलीजवळ आणून ठेवणारी ही क्रांतिकारक तरतूद होती, यात संशय नाही. परंतु त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत, जे शिकण्यास नकार देतील त्यांचे अन्नपाणी आईबापांनी व धन्यांनी बंद करावे आणि असल्या उद्धट लोकांना राजा हद्दपार करील अशी समज द्यावी, असेही लिहिलेले आहे. चुलीजवळ आलेल्या धर्मोपदेशाबरोबर कचेरीचा शिपाईही घरात शिरला. या योजनेचे फलित काय झाले, याचा शोध घेणाऱ्या जेरल्ड स्ट्रॉस या इतिहासकाराने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुढील कित्येक दशकांच्या तपासणी-दप्तरांचा हवाला देऊन असे प्रतिपादन केले, की लोकांना प्रश्नोत्तरे पुरती पाठही झाली नाहीत आणि पाठ झाली तेथेही ती ओठांपुरतीच राहिली. त्याच्या या निष्कर्षाविरुद्ध अन्य अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. तथापि सक्तीने पाठ करून घेतलेल्या धर्माची मर्यादा त्या दप्तरांत स्पष्ट उमटली आहे, हे नाकारता येत नाही.

स्कॉटलंडमध्ये ही व्यवस्था अधिकच काटेकोर झाली. तेथील चर्चच्या महासभेने १६४७ च्या ऑगस्टमध्ये कौटुंबिक उपासनेविषयीची जी नियमावली मंजूर केली, तिच्यानुसार प्रत्येक घरी प्रार्थना, शास्त्रवाचन व बोध चालतो की नाही, याची चौकशी पाळकांनी व वडीलमंडळींनी करावयाची होती. कुटुंबप्रमुखाकडून कसूर झाल्यास त्याला प्रथम खासगीत समज, नंतर सभेपुढे ठपका, आणि तरीही तो न सुधारल्यास प्रभुभोजनाची बंदी, असा क्रम ठरविलेला होता. या नियमावलीची एक बाजू मात्र टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते. मुलाची झडती घेणारा पिता येथे स्वतःही जबाबदार धरला गेला होता, आणि आपल्या घरच्या धर्माविषयी त्याला अन्य कोणापुढे तरी रुजू व्हावे लागत होते. इंग्लंडमध्ये एपवर्थ येथे सॅम्युअल वेस्ली हा पाळक लंडनला गेला असता १७११-१२ च्या सुमारास त्याची पत्नी सुझॅना हिने घरच्या मुलांसाठी रविवारी संध्याकाळी प्रार्थना चालविली, आणि तिला हळूहळू शेजारपाजारचे इतके लोक येऊ लागले, की पतीला पत्राने हरकत घ्यावी लागली. तिने दिलेल्या उत्तरातील युक्तिवाद पुढे प्रसिद्धी पावला, आणि त्या घरातील जॉन व चार्ल्स या मुलांनी मेथडिस्ट पंथाचा पाया घातला. १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स याने गरीब मुलांसाठी जी रविवारची शाळा काढली, तिचा प्रसार झाल्यावर तर पित्याचे हे काम क्रमाक्रमाने संस्थेकडे गेले. आईबापांनी मुलाला वेळेवर दारापाशी पोचविले, म्हणजे कर्तव्य पार पडले, अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली.

या सर्व व्यवस्थांची परीक्षा अखेर मुलांच्याच साक्षीने व्हावयाची, आणि तशा साक्षींपैकी तीन येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एडमंड गॉस याचे ‘फादर अँड सन’ हे पुस्तक १९०७ साली प्रथम निनावी प्रसिद्ध झाले. त्याचे वडील फिलिप हेन्री गॉस हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ आणि प्लिमथ ब्रदरन पंथाचे निष्ठावंत अनुयायी. मुलावर त्यांचे प्रेमही अपार होते. पण त्या प्रेमाला मुलाच्या आत्म्याचा हिशेब घेतल्यावाचून चैन पडत नसे, आणि दहाव्या वर्षीच त्याला जाहीर बाप्तिस्मा देऊन प्रौढ विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसविण्यात आले. याच मुलाने त्याआधी एकदा, मूर्तिपूजेने ईश्वराचा कोप होतो की नाही हे पाहण्यासाठी, एका खुर्चीपुढे हात जोडून तिची प्रार्थना केली होती; काहीच घडले नाही, आणि वडिलांच्या सर्वज्ञतेवरील त्याच्या श्रद्धेला एक तडा गेला. घरात ईश्वराचा शब्द आणि वडिलांचा शब्द यांत अंतरच राहिलेले नव्हते, म्हणून एक खोटा ठरला की दुसराही डळमळू लागे. अॅन थ्वेट या चरित्रलेखिकेने पुढे फिलिप गॉस यांचे जे चरित्र लिहिले, त्यात मुलाने काढलेल्या या चित्रापेक्षा वडील पुष्कळ अधिक प्रसन्न आणि मायाळू होते, असे दाखविले आहे. तेव्हा पुत्राची कैफियत हा एकतर्फी पुरावा समजला पाहिजे. तरीही वयाच्या एकविसाव्या वर्षी तो त्या धर्मापासून दूर झाला, ही गोष्ट राहतेच.

दुसरी साक्ष स्कॉटलंडमधील टोर्थरवल्ड गावच्या जॉन पेटन याची. मोजे विणण्याचा धंदा करणारा त्याचा बाप रोज जेवणानंतर घरातील एका लहानशा खोलीत जाऊन दार लावून घेई, आणि तेथे तो प्रार्थना करीत आहे हे ठाऊक असल्यामुळे मुले दारावरून जपून पाऊल टाकीत. पेटन पुढे पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांवर मिशनरी होऊन गेला. तिसरी साक्ष पोप दुसरे जॉन पॉल यांची. आई १९२९ मध्ये व थोरला भाऊ १९३२ मध्ये वारल्यावर निवृत्त लष्करी अधिकारी असलेल्या पित्याबरोबर ते एकटेच राहिले, आणि रात्री कधी जाग आली तर वडील गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसत. वडिलांच्या या उदाहरणाला त्यांनी १९९६ मधील आपल्या आठवणींत आपली पहिली गुरुपाठशाळा म्हटले आहे. पेटन आणि पोप जॉन पॉल यांच्या बापांनी मुलांना काय शिकविले यापेक्षा, ते स्वतः कोणापुढे नमत होते, हेच मुलांच्या स्मरणात राहिले. गॉसच्या घरीही प्रार्थना पुष्कळ होई, परंतु तेथे मूल हेच तिचा विषय असे.

रोमन कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत चर्चविषयक संविधान संमत करताना कुटुंबाला गृहरूपी चर्च अशी संज्ञा दिली आणि आईबाप हे मुलांचे पहिले धर्मोपदेशक आहेत, असे सांगितले. १९८१ मधील कुटुंबविषयक पत्रात मुलांसमवेत प्रार्थना करण्यावर भर आला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये, मुलांवर अष्टौप्रहर पाळत ठेवण्याच्या ध्यासाने शिक्षण होत नाही, असा स्पष्ट इशारा दिला. या साऱ्या लेखांत कर्तव्य आई व बाप या दोघांचे मिळून मानले आहे, हे विशेष. गोव्यात या विचाराला आचाराचे रूप पूर्वीपासूनच होते. तिन्हीसांजेची घंटा झाली की घरातल्या ओरातोरपुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, ‘तेर्स’ ही जपमाळेची प्रार्थना म्हणावयाची आणि ती संपल्यावर मुलांनी वडीलधाऱ्यांचे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागावयाचे, हा तेथील ख्रिस्ती घराचा परिपाठ. मात्र बाप तारवटी म्हणून बोटीवर, अथवा आखाती देशांत नोकरीवर असल्याने जपमाळेचा आरंभ कित्येक घरी आजी नाही तर आईच करी. त्याहीपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध रचले, ते नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना परिचित असलेल्या पुराणश्रवणाची जागा भरून काढण्यासाठीच होय.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट समाजात हा प्रश्न एका विलक्षण पेचाने सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातील पहिल्या पिढीचा ख्रिस्ती पिता हा स्वतः आपल्या पित्याचा धर्म सोडून आलेला पुत्र होता. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्याआधी त्यांच्या मनात चाललेल्या झगड्याची हकीकत ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू काही वर्षे त्यांच्यापासून दूरच राहिले, आणि त्या ताटातुटीत धर्माविषयी घरातल्या घरात किती मने दुखावली, हे ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना सांगावयास नको. मात्र टिळकांनी पत्नीवर धर्मांतराचा तगादा लावून तिला नेले नाही. ती आपल्या गतीने तेथवर आली, आणि दत्तू, म्हणजे देवदत्त, पुढे त्याच परंपरेचा लेखक झाला. ज्याने आपल्या विवेकबुद्धीला पित्याच्या आज्ञेहून श्रेष्ठ मानले, त्याने आपल्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे, की तू मात्र माझाच धर्म निमूटपणे पाळ? हा प्रश्न येथील समाजाने क्वचितच उघडपणे मांडला, पण तो प्रत्येक घराच्या पायाशी होता.

त्यात परिस्थितीची भर पडली. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, जी दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतील बहुसंख्य बाप निरक्षर होते, आणि मुले मिशनच्या बोर्डिंगात शिकत होती. सुट्टीत घरी आलेला मुलगा शास्त्रपाठ वाचणार आणि बाप ऐकणार, अशी उलटी गुरुशिष्यपरंपरा अशा घरांत निर्माण झाली. नीलकंठशास्त्री गोरे यांच्यासारख्या प्रकांड पंडिताचीही मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली आणि इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावारूपाला आली. अशा स्थितीत मराठी ख्रिस्ती घराची खरी उपासना पुष्कळदा प्रवचनावाचून, अभंगांतून आणि ‘उपासना संगीता’तील पदांतून झाली, कारण गाताना बाप आणि मूल एकाच पंक्तीत बसतात, आणि अक्षरओळखीचा प्रश्नही आड येत नाही.

कायद्याने मात्र पित्याच्या अखत्यारावरच शिक्कामोर्तब केले. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री हा सुमारे बारा वर्षांचा मुलगा मुंबईतील मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला असता, त्याच्या हिंदू पित्याच्या अर्जावरून सुप्रीम कोर्टाने त्याला पित्याच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेण्याच्या कामी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. १८७१ मध्ये मीरतकडील स्किनर प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, हिंदुस्थानातील मुलाचा धर्म सामान्यतः पित्याचाच धरावा, असा दंडक घालून दिला, आणि इंग्लंडमध्ये अगर-एलिस खटल्यात तर मुलांना कॅथलिक म्हणून वाढविण्याचे पत्नीला दिलेले वचन मोडणाऱ्या प्रॉटेस्टंट पित्याचाच हक्क न्यायालयाने राखला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाचे हित हा निकष पुढे आणला आणि त्यात धर्माचाही विचार करावयास सांगितले. परंतु मूल कोणाच्या ताब्यात राहावे, एवढेच न्यायालय ठरवू शकते. त्याने अंतःकरणात काय मानावे, याबाबत कोणत्याही हुकूमनाम्याची बजावणी होत नाही.

अलीकडील समाजशास्त्रीय संशोधन या विषयाला वेगळ्या वाटेने येऊन मिळते. व्हर्न बेंग्टसन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील साडेतीनशेहून अधिक कुटुंबांच्या अनेक पिढ्यांचा १९७० पासून चाललेला अभ्यास २०१३ साली ग्रंथरूपाने मांडला. धर्म पुढे जाण्यात आईबापांच्या ममत्वाला, आणि त्यातही मुलाला पित्याविषयी वाटणाऱ्या जवळिकीला, मोठे महत्त्व आहे. धर्मनिष्ठ परंतु थंड वा कठोर पित्याची मुले धर्मापासून दूर जाण्याचा संभव अधिक, असा त्यांचा एक प्रमुख निष्कर्ष आहे. आजी-आजोबांचे कार्यही त्यांनी अधोरेखित केले, तेव्हा लोईसची आठवण होणे साहजिक आहे. क्रिश्चन स्मिथ व एमी अॅडम्झिक यांनी २०२१ मध्ये, रोजच्या व्यवहारात सहज निघणाऱ्या धर्मविषयक बोलण्याचा परिणाम फार मोठा असल्याचे दाखविले. हे सर्व पुरावे अमेरिकेतील असल्याने ते आपल्या समाजाला जसेच्या तसे लागू करणे गैर होईल. पण ज्याचा उपयोग करून काही चळवळी कुटुंबात पुरुषाच्या हुकमतीचे पुनरुज्जीवन करू पाहतात, ते संशोधन वस्तुतः हुकमतीच्या बाजूने साक्ष देत नाही, हे सांगणे अवश्य आहे. वोडी बॉकम यांच्यासारख्या लेखकांनी २००७ च्या सुमारास, वयवार वर्गांनी मुलांना घरच्या उपासनेपासून तोडले, अशी जी तक्रार केली, तिच्यात तथ्य आहे. परंतु तिच्यावर उपाय म्हणून पित्याला घरचा सुभेदार नेमणे आणि छडीला शास्त्राधार शोधणे, हा मार्ग इफिसकरांच्या पत्रातील पहिल्याच ताकिदीशी विसंगत ठरतो.

वसईत काय किंवा अहमदनगरात काय, आज धर्मवर्ग आहेत, पुस्तके आहेत, सुबोध मराठी बायबलही आहे. अशा वेळी शिक्षक म्हणून पित्याची उणीव पूर्वीइतकी भासत नाही. जी गोष्ट कोणताही वर्ग देऊ शकत नाही, ती एवढीच, की ज्याच्या शब्दाला घरात मान आहे असा एक मनुष्य स्वतः दुसऱ्या कोणाच्या शब्दाला मान देतो, चुकल्यावर मुलासमोर क्षमा मागतो, आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा ते शोधावयास मुलाबरोबर बसतो. असा पिता लाभलेला मुलगा पुढे धर्म टाकील, तरी तो पित्याच्या जाचाला कंटाळून टाकणार नाही. आणि स्वीकारील, तर तो वारसा म्हणून आलेला असूनही त्याच्या स्वतःच्या निवडीचा असेल. ज्या समाजाचा आरंभच एका पिढीच्या स्वतंत्र निवडीने झाला, त्याने आपल्या मुलांना तेवढा हक्क देणे हे त्या आरंभाशी प्रामाणिक राहणे होय.